पट्टी कुणी मोडली?

कौसल्याबाईंच्या मांडीत बसवलेली स्टीलची पट्टी मोडली, आणि ती त्यांनीच मोडली असं सगळ्यांचं ठरलं. ठरवताना त्यांना कुणी विचारलं नाही. नायगावच्या बीडीडी चाळीत एखाद्या गोष्टीचा निकाल लागायला वेळ लागत नाही. मधून पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या आणि दिवसभर दारं उघडी. सकाळी डॉक्टर काय म्हणाले ते दुपारपर्यंत चाळभर झालं होतं आणि संध्याकाळपर्यंत त्याला चांगले हातपाय फुटले होते. बाई सहा डिसेंबरला चैत्यभूमीला गेल्या. पाय टेकू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी दिवसभर स्टॉलवर उभ्या राहिल्या. मग मोडणार नाही तर काय होणार?

बाई म्हणजे कौसल्याबाईच. महापालिकेच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, चाळीतली निम्मी पोरं हाताखालून गेली, म्हणून लहानथोर सगळे त्यांना बाई म्हणतात. वर्गात खिडकीची काच फुटली तरी विचारपूस केल्याशिवाय त्यांनी कधी कुणाला बाकावर उभं केलं नाही. ज्याच्यावर आळ आला त्याला आधी बोलू द्यायचं, हा त्यांचा नियम होता. आणि आता त्यांच्याच मांडीतलं पोलाद मोडलं तर चौकशी नाही, साक्ष नाही, सरळ शिक्षा!

शिक्षा हा शब्द उगीच वापरलेला नाही. मुलगा अमित बँकेच्या कॉल सेंटरमध्ये कामाला. दिवसभर परक्या लोकांना गोड बोलून घरी आला की त्याच्याकडे गोड बोलणं शिल्लक राहत नसे. त्याने वॉकर कपाटाच्या मागे सरकवून ठेवला आणि जाहीर केलं, "चौदा एप्रिलला घरातून हलायचं नाही. दारातूनसुद्धा नाही. खूप झालं, आई." महिला मंडळाच्या जाईबाई केळी घेऊन भेटायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "बाई, रागावू नका हां, पण यंदापासून स्टॉलवर तुमी नको. काय झालं तर लोक आमच्या नावानं बोंब मारतील. तुमी घरनंच आशीर्वाद द्या." ज्या मंडळाचा स्टॉल बाईंनी स्वतः सुरू केला, त्या मंडळाने त्यांना फोटोतल्या माणसासारखं आशीर्वादावर बसवलं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळपाय जमिनीला लावायची मात्र बंदी होती.

झालं होतं ते असं. ऑगस्टमध्ये पॅसेजमधल्या नळापाशी पाणी सांडलेलं होतं, त्यावरून बाई घसरल्या आणि गुडघ्याच्या वर मांडीचं हाड मोडलं. परळच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. हाडाच्या बाजूने एक लांब पट्टी बसवली. पट्टीला ओळीने भोकं, भोकांना आतून आटे पाडलेले, म्हणजे स्क्रू त्यात घट्ट अडकून बसतो आणि हलत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, वॉकर घ्या, पण या पायावर वजन टाकू नका, नुसतं अंगठ्याचं टोक टेकवा. पुढे दोनदा एक्स-रे काढला, दोन्ही वेळा हाड पुरतं जुळलेलं नव्हतं, म्हणून तोच नियम पुढे चालू राहिला.

आणि बाईंनी तो पाळला. आयुष्यभर दुसऱ्यांना नियम पाळायला लावणाऱ्या बाईने स्वतः तो मोडला असता, तर तिला स्वतःचीच लाज वाटली असती. एका खोलीचं घर. त्यात जुन्या साडीचा पडदा लावून मागे कमोडची खुर्ची ठेवलेली. पडद्याच्या अलीकडे नवरा पेपर वाचतोय, मुलगा डबा भरतोय आणि पलीकडे बाई. ज्या बाईंना पाहून अर्धा पॅसेज विडी विझवत असे, त्यांनी हे महिनोनमहिने सोसलं ते कशासाठी? अंगठ्याच्या टोकापलीकडे वजन जाऊ नये म्हणून. आणि लोक म्हणतात बाईंनी ऐकलं नाही!

आता सहा डिसेंबर. त्या दिवशी दादरला गेल्या, हे खरं. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनाला त्या कधी घरी बसलेल्या नव्हत्या, बाळंतपणातसुद्धा नाही. पण गेल्या कशा, ते कुणी ऐकून घेईल तर ना! टॅक्सी जिथपर्यंत सोडतात तिथपर्यंत टॅक्सीने, आणि तिथून मंडळाच्या पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून. खुर्ची शिवाजी पार्कात स्टॉलच्या मागे ठेवली, ती संध्याकाळी तशीच उचलली. बाई खुर्चीत बसून पुरीभाजीची पाकिटं देत होत्या आणि रिकामी पाकिटं रस्त्यावर टाकणाऱ्यांना परत बोलावून उचलायला लावत होत्या. नवरा राजाराम पूर्ण दिवस खुर्चीला खेटून उभा होता, वॉकर हातात धरून. त्या वॉकरचा त्या दिवशी उपयोग एवढाच झाला की राजारामने त्यावर आपला टॉवेल वाळत घातला.

त्यानंतर नाताळाच्या सुमारास, एका सकाळी बाई पडद्यामागच्या खुर्चीवरून नेहमीसारख्या वॉकर धरून उठत होत्या. मांडीत खट्‌ असा आवाज झाला आणि पाय जिथे वळायला नको तिथे वळला. पुन्हा परळ, पुन्हा एक्स-रे. पट्टीचे दोन तुकडे झालेले. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. ते तुकडे काढले, कमरेच्या हाडातला थोडा भुगा घेऊन मोडलेल्या जागी भरला आणि आधीपेक्षा लांब पट्टी बसवली. बाई शुद्धीवर आल्या तेव्हा अमित शेजारी उभा होता. पहिलं वाक्य काय म्हणाला? "आई, डॉक्टर म्हणाले तू उभी राहिलीस. केसपेपरवर पण लिहिलंय."

"कुणी सांगितलं त्यांना?" बाईंनी विचारलं. तोंड कोरडं पडलेलं होतं.

"आता वाद नको ना, प्लीज. आराम कर."

बाईंनी आराम केला नाही. त्यांनी सिस्टरला बोलावून मोडलेली पट्टी मागितली. सिस्टर म्हणाली, आजी, ते काय करायचंय तुम्हाला? बाई म्हणाल्या, माझ्या मांडीत होती म्हणजे माझी आहे, आणि मी तुमची आजी नाही. घरी जायच्या दिवशी ते दोन तुकडे उकळून, पुसून, प्लास्टिकच्या डबीत घालून त्यांना मिळाले.

घरी आल्यावर बाई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, मी उभी राहिले नव्हते. लोक मान हलवत. ती हलवण्याची तऱ्हाच अशी, की असू दे असू दे, म्हाताऱ्या माणसाच्या लक्षात राहत नाही. जाईबाई तर म्हणाल्या, "मधी आमी चा प्यायला गेलो होतो बघा, तवा उठला असाल. आपल्यालाच कळत नाही कधी कधी." बाईंना आपण उभे राहिलो की बसलो हे कळत नाही! पाढे उलटे म्हणून दाखवणाऱ्या बाईंना! त्यांनी राजारामकडे पाहिलं, "अहो, सांगा की यांना," म्हणाल्या. राजाराम तेवढ्यात दूध संपलंय का पाहायला उठला. बँकेतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेला हा मऊ माणूस, भांडणाचा वास आला की त्याला नेहमीच दूध आठवायचं. बाईंना त्याची सवय होती, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही.

एका रविवारी मुलगी प्रिती आली. ती ठाण्याला राहते आणि लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत डिझाइनचं काम करते. बाईंनी तिला चहासुद्धा घेऊ दिला नाही. डबी तिच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "तू इंजिनीअर ना? मला सांग, ही कशी मोडली."

प्रितीने राजारामचं पेपर वाचायचं भिंग घेतलं आणि तुकडे खिडकीपाशी नेले. तुटलेल्या दोन्ही कडा फिरवून फिरवून पाहिल्या. मग कॉटवर आईशेजारी येऊन बसली.

"बघ, कुठे मोडलीय. बरोब्बर भोकातून. आणि या भोकात स्क्रू नव्हता, रिकामं होतं. पट्टी इतर ठिकाणी केवढी रुंद आहे, आणि भोकापाशी दोन्ही बाजूंना किती उरलीय? एवढंसं. जेवढा भार सगळी रुंदी घेते, तेवढा इथे या दोन चिंचोळ्या कडांनी घ्यायचा. त्यात आत आटे. प्रत्येक आट्याची खाच म्हणजे तडा जायला आयती जागा. हिंदमाता मार्केटात कापडवाला कसा करतो? कात्रीने काठाला एक बारीकशी चीर देतो आणि मग नुसतं ओढतो. बाकीचं कापड चिरेपासून आपोआप फाटत जातं."

"म्हणजे कुणीतरी ओढलं."

"रोज थोडं थोडं. कुशीवर वळलीस की मांडीचे स्नायू ओढतात. उठलीस, बसलीस, खोकलीस. हाड जुळलेलं असतं तर हे सगळं हाडाने घेतलं असतं. हाड जुळत नव्हतं, म्हणून सगळं पट्टीवर आलं, आणि पट्टीत ते या भोकाशी येऊन साठलं. आता हे बघ." तिने भिंग आईच्या हातात दिलं. "तुटलेली बाजू बघ. आट्यापासून सुरू होऊन आत आत गेलेल्या रेघा दिसतात? दादर चौपाटीला ओहोटी लागली की वाळूत राहतात तशा?"

दिसत होत्या. बारीक, वाकड्या, एकामागे एक. अगदी पलीकडच्या कडेला मात्र थोडी जागा खरखरीत होती, मोडलेल्या गुळासारखी.

"तडा एकेक रेघ पुढे सरकत गेला. ती खरखरीत जागा शेवटची. तेवढीच उरली होती, ती त्या दिवशी खट्‌कन गेली. आई, हे एका दिवसाचं काम नाही. सहा डिसेंबरच्या कितीतरी आधी हे सुरू झालेलं असणार. त्या दिवशी तू लेझीम खेळली असतीस तरी एका दिवसात अशा रेघा पडत नाहीत."

"मी लेझीम खेळले नाही."

"माहितीय गं मला."

"माहितीय म्हणू नकोस. यावरून सांग. मी उभी राहिले का?"

प्रिती आईचीच मुलगी, खोटा दिलासा देणं तिला जमणारं नव्हतं. "यावरून तेवढं नाही सांगता येत. तडा आधीपासून होता, जुना होता, एवढंच पट्टी सांगते. तू उभी राहिलीस की नाही, ते पाहणारा माणूसच सांगू शकेल."

"मग ते भोक तिथे ठेवलं कशाला?"

"पट्टी भोकांचीच येते. स्क्रू कुठल्या भोकात मारायचे ते डॉक्टर हाड बघून ठरवतात. जिथे हाड मोडलंय तिथे मारत नाहीत, म्हणून ते रिकामं राहिलं. त्यांनी आधीच लांब पट्टी घेतली असती तर बरं झालं असतं का? असेलही. पण हाड वेळेवर जुळलं असतं, तर हेच भोक तुझ्या मांडीत जन्मभर सुखाने राहिलं असतं. चूक कुणाची म्हणशील तर कदाचित कुणाचीच नाही."

हे ऐकून बाई शांत होतील असं प्रितीला वाटलं असावं. बाई उलट ताडकन उठून बसल्या. "कुणाचीच नाही? कुणाचीच नव्हती, तर मग ती माझ्या नावावर का लिहिली? पट्टीची नाही, हाडाची नाही, डॉक्टरची नाही, मग उरलं कोण? म्हातारी उरली. लिहा तिच्या नावावर! तिला कोण विचारतंय!"

त्यांनी राजारामला हाक मारली. तो दूध आणायला गेला होता.

मार्चमध्ये हॉस्पिटलची तारीख होती. अमितने रजा टाकली, वॉकर टॅक्सीच्या डिकीत टाकला आणि तिघं परळला गेले. बाई चाकाच्या खुर्चीत, मांडीवर पर्स आणि पर्समध्ये डबी. गर्दी नेहमीचीच. खूप वेळाने नंबर लागला. डॉक्टर हर्षवर्धन तरुण, हसरा, घाईत असलेला. त्याने एक्स-रे उजेडावर धरला आणि त्याचा चेहरा खुलला.

"अरे वा! आजी, फर्स्ट क्लास. हाड जुळलं तुमचं. आता वॉकर घेऊन वजन टाकायला सुरुवात करा, हळूहळू पूर्ण. फक्त," त्याने बोट हलवलं, "या वेळी ऐकायचं हं!"

बाईंनी डबी उघडून दोन्ही तुकडे त्याच्या टेबलावर ठेवले, तुटलेली बाजू वर करून.

"डॉक्टर, ही पट्टी कशी मोडली?"

त्याने तुकड्यांकडे एक नजर टाकली. "फटीग. म्हणजे, थकून मोडते. रिकाम्या भोकातून. बहुतेक वेळा तिथूनच जातात या."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"एक्स-रे पाहिला तेव्हाच. हाड जुळलं नाही की कुठलीही पट्टी कधी ना कधी दमते."

"मग पेपरवर तसं का नाही लिहिलंत? पेशंटने सूचना पाळल्या नाहीत, वजन टाकलं, असं का लिहिलंत?"

अमितने मागून बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, सर बिझी आहेत." बाईंनी तो हात उचलून बाजूला ठेवला.

डॉक्टर आता जरा नीट बसला. "हे बघा, आम्हाला विचारावंच लागतं, वजन टाकलं होतं का. उत्तर येतं ते आम्ही लिहितो."

"मला विचारलं नाहीत. मी इथेच होते. पडद्याच्या पलीकडे कॉटवर पडले होते, पूर्ण शुद्धीत. नाव, वय, शुगर सगळं मला विचारलं. हे एवढंच नाही विचारलं. का?"

"तुम्हाला दुखत होतं, आजी, म्हणून बाहेर नातेवाइकांना विचारलं."

"कुणाला?"

डॉक्टरने पेनाने दाखवलं. "मिस्टरांना. ते म्हणाले, हो, सहा डिसेंबरला दिवसभर उभी होती."

बाईंनी मान वळवली. राजाराम दाराशी उभा होता, छातीशी एक्स-रेची पिशवी धरून. इतके दिवस त्यांना वाटत होतं की हे अमितने सांगितलं असणार, नाहीतर मंडळातल्या कुणीतरी. ज्याने टॉवेल वाळत घातला होता तो माणूस त्यांच्या मनातसुद्धा आला नव्हता.

"बाबा?" अमित म्हणाला. त्याचंही तोंड उघडंच राहिलं. "तुम्ही? तुम्ही तर तिथे..."

"हो," राजाराम म्हणाला. "मीच म्हणालो."

बाई ओरडल्या नाहीत. ओरडण्यापलीकडचं काहीतरी झालं होतं. त्या पुन्हा डॉक्टरकडे वळल्या आणि अगदी वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "आता मला विचारा."

"काय?"

"तेच. वजन टाकलं होतं का, ते मला विचारा."

डॉक्टर क्षणभर गोंधळला. बाहेर पुढचा पेशंट दार ढकलत होता. मग, त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं, त्याने पेन उघडलं आणि विचारलं, "कौसल्याबाई, तुम्ही पायावर वजन टाकलं होतं का?"

"नाही. लिहा."

त्याने लिहिलं. 'पेशंटच्या म्हणण्यानुसार' अशी सुरुवात केली, तर बाईंनी ती खोडायला लावली. हाड न जुळल्यामुळे पट्टी थकून भोकातून मोडली, असंही लिहायला लावलं आणि वाचून घेतलं. मग तुकडे डबीत, डबी पर्समध्ये.

टॅक्सीत अमित पुढे बसला, हे दोघे मागे. परळ नाका मागे पडला.

"दुसऱ्या दिवशी तुझं ऑपरेशन होतं," राजाराम खिडकीकडे बघत म्हणाला. "मी नाही म्हटलं असतं, तर तिथल्या तिथे प्रश्न आला असता, मग मोडली कशी? म्हणजे ते त्यांच्यावर गेलं असतं. डॉक्टर चिडला असता. तुला त्याच्याच टेबलावर पडायचं होतं, कौसल्या. चिडलेल्या माणसाच्या हातात सुरी... मी घाबरलो. त्यांनी विचारलं ते असं, की हो म्हणावं अशीच त्यांची अपेक्षा दिसत होती. मी हो म्हटलं. त्यांना बरं वाटलं."

"आणि नंतर? ऑपरेशन झालं, मी घरी आले, सगळी चाळ मला बोलली, मुलाने वॉकर लपवला. तेव्हा कुठला डॉक्टर सुरी घेऊन उभा होता घरात?"

राजारामने एक्स-रेची पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

"तेव्हा का नाही बोललात?"

"तुझं काय," तो हळूच म्हणाला, "तू सहन करतेस."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने त्यांच्यावर कधी हात उचलला नाही, त्यांना शिवी दिली नाही, पगार लपवला नाही. आणि तरी या एका वाक्याने त्यांना जेवढं लागलं तेवढं मांडी मोडली तेव्हाही लागलं नव्हतं. सहन करते म्हणून तिच्यावर टाकायचं. जो चिडेल त्याच्यावर नाही, जो ओरडेल त्याच्यावर नाही. जी सोसते तिच्यावर. आणि ती मोडली की म्हणायचं, हिने ऐकलं नाही.

"घरात बाबासाहेबांचा फोटो आहे," बाई म्हणाल्या. आवाज थरथरत होता, आणि तो थरथरतोय याचाही त्यांना राग येत होता. "रोज सकाळी तुम्ही हार घालता. मोठ्या माणसाने नुसतं विचारलं की मान डोलवायची, हेच शिकलात त्यांच्याकडून? मी पोरांना जन्मभर सांगितलं, खरं असेल तर समोर कोण आहे ते बघू नका. आणि माझ्या घरात हे! मला मान खाली घालून बरं व्हायचं नव्हतं. मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, चिडू दे त्याला, मी पडते त्याच्या टेबलावर."

"चुकलं माझं."

"मला इथे टॅक्सीत नका सांगू. टॅक्सीत माझ्यावर कुणी आळ घेतलेला नाही."

अमितने पुढून मागे वळून पाहिलं आणि पुन्हा पुढे पाहू लागला. त्याचे कान लाल झाले होते. चाळीपाशी टॅक्सी थांबली तेव्हा तो आधी उतरला, डिकीतला वॉकर काढून आईच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "एप्रिलला मी येतो तुझ्याबरोबर. तुला पाहिजे तिथे."

"ते बघू," बाई म्हणाल्या.

त्या उतरल्या. दोन्ही हात वॉकरवर, आणि ऑगस्टनंतर पहिल्यांदा दोन्ही पाय जमिनीवर. पायात कळ आली, पण पाय टिकला. एकेक पाऊल टाकत त्या पॅसेजमध्ये शिरल्या. मागे राजाराम, पिशवी घेऊन. जाईबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सुपातून मान वर केली.

"आगं बया! टेकला का पाय? लई बरं झालं बाई! आता तरी जपा हां. पुन्हा कुटं उभ्याबिभ्या ऱ्हाऊ नका, ऐका जरा डाक्टरचं."

आजूबाजूच्या दारांतून माणसं बाहेर डोकावली. काहीजणी हसल्या, प्रेमानेच, म्हणून ते जास्तच लागलं. बाई पॅसेजच्या मधोमध थांबल्या. त्यांनी जाईबाईंना उत्तर दिलं नाही आणि मागे वळूनही पाहिलं नाही. नुसत्या उभ्या राहिल्या, वॉकर घट्ट धरून. पायातली कळ वर चढत होती. त्यांना बसायला हवं होतं, पण त्या हलल्या नाहीत.

मागे राजारामने घसा खाकरला. तो तसाच आल्या पावली वळून दूध आणायला जाईल असं बाईंना खरोखर वाटलं.

"जाईबाई," तो म्हणाला, "ती उभी राहिली नव्हती. एकदाही नाही. दिवसभर खुर्चीत होती. मी डॉक्टरला खोटं सांगितलं."

जाईबाईंचा हात तांदळातच राहिला. शेजारच्या दोन खोल्यांतली कुजबुज थांबली. पण राजारामचा आवाज नेहमीसारखा होता, आपल्याच शर्टाच्या बटणाशी बोलल्यासारखा.

"मोठ्याने सांगा," बाई पुढे बघत म्हणाल्या. "टोकापर्यंत ऐकू गेलं नाही."

राजारामने एक्स-रेची पिशवी भिंतीला टेकवून ठेवली आणि पुन्हा सांगितलं. या वेळी टोकापर्यंतच्या सगळ्या दारांत माणसं आली.